सत्ता खाली येते, पण कुठं?

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी गोदीत काम करतो. शिक्षण मॅट्रिक. भाषणाची सवय नाही, कविता वाचायची आहे. आज कविता नाही. विषय दिलाय 'प्रादेशिक अस्मिता आणि विकेंद्रीकरण'. शब्द मोठा आहे. अर्थ एवढाच, की वरची सत्ता खाली उतरवायची. आता उतरवणं हा तर आमचा धंदाच. क्रेन बोटीच्या पोटातून लोखंड उचलते तेव्हा आम्ही आधी खाली बघतो. खाली कोण उभा आहे? जागा मोकळी आहे का? हे न बघता उतरवलेला माल माणसाच्या अंगावर उतरतो.

मराठवाडा घ्या. माझ्या बापाचा मुलूख. निजामाच्या राजवटीतून मागासलेला निघाला. १९५३ च्या नागपूर करारानं आश्वासनं दिली, १९६० ला महाराष्ट्र झाला, अनुशेष राहिलाच. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. पाणी नाही, काम नाही म्हणून बाप मुंबईला आला. तेव्हा मराठवाड्यावर अन्याय झाला हे मला कुणी शिकवू नये. मी त्या अन्यायाचा पोरगा आहे.

पण ह्याच मराठवाड्याची अस्मिता कुणावर चालून आली ते पण बघा. बाबासाहेबांनी १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. विद्यापीठ तिथं १९५८ ला आलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. झालं! मुलखाची अस्मिता दुखावली. ज्या माणसानं ह्या मुलखात कॉलेज उभं केलं त्याच्या नावानं मुलूख बाटतो! दलितांची घरं जाळली, पिढ्यानपिढ्या राबणारी माणसं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. विद्यापीठाचा उंबरठासुद्धा ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनी नावाची किंमत भरली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेही जुन्या नावाच्या जोडीनं.

मग प्रादेशिक मागणी खोटी का? नाही. बाबासाहेबांनीच १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहून महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते. मुंबई वेगळी, बाकी पश्चिम, मध्य आणि पूर्व. त्याच पुस्तिकेत त्यांनी भीतीही सांगितली, की भाषेच्या राज्यात एखादी मोठी जात सगळ्यांच्या उरावर बसते आणि छोट्यांना संरक्षण उरत नाही. राज्य लहान केल्यानं जात लहान होत नाही, दोस्तांनो. कधीकधी तर ती जास्तच जवळ येते.

आपल्यातले काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं वाभाडं काढलं, मग आपल्याला पंचायत कशाला? मला हे पटत नाही. १९३२ मध्ये मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीचं बिल आलं तेव्हा बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळं प्रतिनिधित्व मागितलं. पंचायत करणार असाल तर आमची जागा ठेवा, असा तो हिशेब होता. आणि पाणी कुठल्या गल्लीत येणार, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव, मढं कुठं जाळायचं, हे दिल्लीत ठरत नाही. गावात ठरतं. आपण तिथं नसलो तरी ठरतंच.

तामिळनाडू बघा. राज्यांना जादा अधिकार द्या म्हणून तिथल्या सरकारनं १९६९ ला राजमन्नार समिती नेमली. दिल्लीशी भांडणारं राज्य. मला आवडतं ते. पण त्याच राज्यात मदुराई जिल्ह्यातल्या मेलवलवू गावची पंचायत १९९६ ला दलितांसाठी राखीव झाली आणि ३० जून १९९७ ला निवडून आलेला अध्यक्ष मुरुगेसन आणि त्याचे साथीदार तोडले गेले. पाप्पापट्टी, कीरिपट्टीत तर २००६ पर्यंत राखीव जागेवर दलिताला टिकूच दिलं नाही. उभा राहिला तर धमकी, निवडून आला तर राजीनामा. दिल्लीकडून मागितलेली सत्ता चेन्नईपर्यंत आली आणि वेशीवर अडली.

म्हणून माझं म्हणणं असं. सत्ता खाली उतरवा, जोरात उतरवा, पण वरचा दोर सोडू नका. राखीव जागा, गुप्त मतदान, ॲट्रॉसिटीचा कायदा, कोर्ट, हा तो दोर. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या, बायकांना एकतृतीयांश दिल्या. महाराष्ट्रात पुढं त्या निम्म्या झाल्या. हे मोठं काम. मात्र २९ विषय पंचायतीला द्यायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर ठेवलं. म्हणजे खुर्ची दिली, कपाटाची चावी मुंबईत. आणि मुंबई तरी काय! महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नाही. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडं? मुंबई आमची म्हणून गळा काढणारे शहरभर होते.

माझी आत्या गावाकडं राखीव जागेवर सरपंच होती. पाच वर्षं. कागद उपसरपंचाच्या घरी तयार व्हायचे, हिच्याकडं फक्त सहीला यायचे. झेंडावंदनाला हिला बोलावलं आणि खुर्ची दिली मागच्या रांगेत. ती सही करता करता वाचायला शिकली. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, हे तिनं असंच कुठल्यातरी कागदात वाचलं. आता ती सरपंच नाही. गेल्या १ मेला शाळेत महाराष्ट्र दिनाची गाणी झाली, लाडू वाटले आणि मग ग्रामसभा बसली. आत्या उठली. म्हणाली, पंधरा टक्क्याचं रजिस्टर काढा. ग्रामसेवक म्हणाला, तालुक्याला ऑडिटला गेलंय. ती म्हणाली, बरं, आणा. मी बसते.

दिवे लागेपर्यंत बसली होती. रजिस्टर शाळेच्याच कपाटात निघालं.