होडीतली बैठक



शिडाच्या छोट्या होडीतली बसायची फळी मुळात बसण्यासाठी नसते. वारा भरात आला की तिच्यावर कुणी बसतही नाही. सगळे वाऱ्याकडच्या काठावर चढतात, पाय पट्ट्यात अडकवतात आणि बाहेर रेलतात. मग ती फळी तिथे करते काय? वरून उघडी होडी म्हणजे पातळ फळ्यांचा साचा. डोलकाठीला धरणारे ताण तिचे काठ वर आणि आत खेचतात, बाहेरून पाणी कुशी दाबतं. फळी काढून टाका, दोन्ही कुशी भात्यासारख्या हलू लागतील. त्यांच्यातलं अंतर ही आडवी फळी राखते. काही होड्यांत तर डोलकाठी पुढच्या फळीतल्या भोकातूनच खाली उतरते आणि शिडाचा सगळा जोर त्या फळीवर येतो.

म्हणून ती बसवायची रीत समजून घ्यावी लागते. फळी होडीच्या कुशीला थेट ठोकत नाहीत. बरगड्यांच्या आतून नाळेपासून मागपर्यंत एक लांब पट्टी जाते, तिच्यावर फळीची टोकं टेकवतात. वरच्या अंगाला, फळी आणि कूस यांच्या कोपऱ्यात, वाकडा लाकडी गुडघा बसतो. हा गुडघा सरळ फळीतून कापला तर रेषा आडव्या जातात आणि तो नेमका बेचक्यात तुटतो. जिथे फांदी खोडाला फुटते तिथलं लाकूड हवं, कारण तिथे रेषाच वळलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर बरगड्यांसाठी वाकडी बाभूळ शोधत हिंडणाऱ्या सुतारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

माप घेणं ही खरी परीक्षा. होडीत काटकोन शोधून सापडत नाही. कूस वर जाताना बाहेर झुकते, पुढे जाताना आत वळते. त्यामुळे फळीची वरची बाजू खालच्यापेक्षा लांब, आणि होडीच्या पुढच्या भागात मागची कड पुढच्या कडेपेक्षा लांब. दोन काठ्या एकमेकींवर सरकवून लांबी पकडायची, दोन्ही टोकांचे कोन सरकत्या गुण्याने उतरवायचे आणि फळी मुद्दाम थोडी लांब कापायची. लांब फळी पट्टीच्या वरच अडकते. मग टोकाला रंधा मारत, थोडं थोडं करत, तिला खाली उतरवायचं. शेवटी कुशीपासून तीन-चार मिलिमीटर फट ठेवायची. फळी घट्ट भिडली तर कूस त्या एका जागी टोचली जाते, आणि फटीत वारा खेळला नाही तर तिथूनच लाकूड कुजायला लागतं.

लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. रुंद फळीला दोन्ही कडांशी स्क्रूने जखडलं तर पावसाळ्यानंतर ती तडकणारच. वल्हवणाऱ्याची सोयही पाहायची असते: वल्ह्याच्या टेकूपेक्षा बैठक साधारण १८ ते २० सेंटिमीटर खाली असावी, नाहीतर वल्हं मांडीवर आपटतं.

१९६३ साली इंग्लंडमध्ये बैठकीचा अर्थच बदलला. नौकारचनाकार जॅक होल्ट आणि बीबीसीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ ही जेमतेम ३.३ मीटरची लाल शिडाची होडी आणली. पाठीशी ‘डेली मिरर’ हे दैनिक होतं. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि रेझिन. काथ्याने गलबतं शिवणाऱ्या आपल्या किनाऱ्याला यात फार नवल वाटू नये! अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या. मधली आडवी फळी तिच्यातही राहिली, पण कडेच्या बैठका म्हणजे हवाबंद पेट्या. दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच पेटीत १३५ लिटर हवा मावते. होडी पालथी झाली तर ती पेटी सव्वाशे किलोंच्या आसपास भार तोलून धरते. शिवाय तिची उभी भिंत कुशीला लांबीभर कणखर करते.

आपल्याकडे कुणी अशी पेटी करणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवुडच घ्यावं. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरं काहीतरी पुढे करतो, त्याला भुलू नये. आतून बाहेरून, आणि विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सीचे हात द्यावेत, कारण पेटी बंद झाल्यावर आत ब्रश जात नाही. तपासणीचं गोल झाकण अवश्य ठेवावं आणि होडी किनाऱ्यावर ओढली की ते उघडावं. वैशाखाच्या उन्हात आतली हवा फुगते आणि सगळ्यात कच्चा सांधा उकलून वाट काढते. तो कुठला, हे होडी परत पाण्यात उतरेपर्यंत कळत नाही.