पाठीवरचे ओझे आणि पायांतले बळ



संस्थेच्या वार्षिक समारंभात मेढ्याला पालक आणि शिक्षकांपुढे जे चार शब्द बोललो, ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला. बोललेले कागदावर उतरवताना थोडे वाढते, थोडे गळते. आपण ते समजून घ्याल अशी आशा आहे.

डॉक्टरला बोलावले की त्याने मधुमेह किंवा रक्तदाब यांवर बोलावे अशी रीत पडली आहे. मी मुद्दाम पाठ हा विषय घेतला. कारण जावळी हा पाठीवर जगणारा तालुका आहे. वेण्णेच्या खोऱ्यात आणि वरच्या डोंगरात पाऊस उदंड, जमीन मात्र तुकड्यातुकड्यांची. म्हणून इथल्या घरटी एकाने तरी मुंबई गाठली आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी पोती उचलली. आधी मशीद बंदर आणि भात बाजार, पुढे वाशी-तुर्भे. या कष्टकऱ्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना अशा गोष्टी मिळू लागल्या. ‘माथाडी’ या शब्दात माथा आहे खरा, पण पोते नुसत्या माथ्यावर नसते. ते मान आणि पाठ जिथे मिळतात त्या सांध्यावर विसावते. आणि गावी राहिलेल्या आमच्या बहिणी? गवताचा भारा, पाण्याचे हंडे, सरपणाची मोळी हे सारे त्यांच्या डोईवर. त्यांच्यासाठी अद्याप कोणी कायदा केलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हातापायांत बळ राहिले नाही की आपण म्हणतो, ‘वय झाले’, ‘अशक्तपणा आला’, ‘वारं गेलं’. मग टॉनिकची बाटली येते, नाहीतर तेल चोळणारा येतो. पण स्नायू दुबळा झाला म्हणजे दोष स्नायूतच असतो असे नाही. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो, मणक्यांच्या फटीतून निघालेल्या मज्जातंतूत शिरतो आणि मग स्नायूपर्यंत पोचतो. दिवा लागला नाही तर आपण बल्ब बदलतो. तरीही लागला नाही तर वायर तपासतो. शरीराच्या बाबतीत मात्र आपण वर्षभर बल्बच पुसत बसतो.

पाठीच्या मधल्या भागात, म्हणजे छातीच्या मागे, बारा मणके आहेत. प्रत्येकाला बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे हा भाग मान-कमरेइतका लवत नाही. पण इथे मज्जारज्जूला मिळालेली वाट फार अरुंद आहे. थोडीशी सूज, थोडासा पू किंवा हाडाचा एखादा तुकडा एवढ्यानेही ती अडते. आणि मग गंमत अशी की, दुखणे पाठीत आणि दुबळेपणा पायांत! पाय आणि पाठ यांचा संबंध घरच्यांच्या ध्यानातच येत नाही.

आधी एक लहान दुखणे सांगतो, कारण ते ओझे वाहणाऱ्यांचे आहे. लाँग थोरॅसिक नावाचा एक मज्जातंतू आहे. नाव छातीचे असले तरी तो मानेतून उगम पावतो आणि बरगड्यांच्या कडेने, कातडीच्या बराच जवळून, खाली उतरतो. खांद्यामागचे चपटे हाड, ज्याला आपण फरा म्हणतो, ते छातीला चिकटून ठेवणारा स्नायू याच तंतूवर चालतो. खांद्यावर सतत जड ओझे पडले, मान एका बाजूला ताणली गेली किंवा खांद्याला झटका बसला की हा तंतू दुखावतो. मग हात खांद्याच्या वर जात नाही. फळीवरचा डबा काढताना माणूस अडखळतो. अशा माणसाला भिंतीसमोर उभे करून दोन्ही तळहातांनी भिंत ढकलायला सांगा. फरा पाठीतून पंखासारखा बाहेर आला तर दुखणे बहुधा याच तंतूचे. घाबरण्याचे कारण नसते. ओझे बंद ठेवले आणि शिकवलेले व्यायाम केले, तर सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचा हात सुधारतो. दोन वर्षे हा शब्द ऐकून हमालाचा चेहरा पडतो, हे मला ठाऊक आहे. हातावर पोट असणाऱ्याला विश्रांती सांगणे सोपे, मिळवून देणे अवघड. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त वजन हाताने उचलू नये अशी शिफारस केली होती. त्यानंतरही आपल्याकडे शंभर किलोची पोती पाठीवरून फिरतच राहिली.

आता मोठे दुखणे. ते म्हणजे मणक्याचा क्षय. क्षय म्हटले की खोकला आणि रक्त आठवते. पण हाच जंतू रक्तातून हाडांत जाऊन बसतो, आणि हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा मणक्यात असतो. त्यातही छातीच्या मणक्यांवर त्याची विशेष नजर. रोग्याला खोकला नसेल, छातीचा फोटो स्वच्छ असेल, तरीही मणका आतून पोखरला जात असतो. केवळ मणक्याचा क्षय असणाऱ्यापासून दुसऱ्याला लागण सहसा होत नाही, हेही लक्षात ठेवावे. उगाच त्याचे ताट-तांब्या वेगळे करू नयेत.

नेहमी दिसणारे चित्र असे. चाळिशीचा माणूस मुंबईहून गावी येतो. पाठ दुखते, पण ‘उसण भरली’ म्हणून सोडून देतो. दुखणे रात्री वाढते. संध्याकाळी अंग किंचित तापते, वजन उतरते, भूक मंदावते. मग छातीभोवती किंवा पोटाभोवती कोणी दोर आवळल्यासारखे वाटू लागते. हे फसवे लक्षण आहे. छातीच्या चौथ्या मणक्यापाशी निघणारा तंतू स्तनाग्रांच्या पातळीला पोचतो आणि दहाव्याचा बेंबीपाशी. त्यामुळे दोष मणक्यात असूनही माणूस कधी हृदयाची पट्टी काढतो, कधी पोटाची सोनोग्राफी करतो, आणि दोन्ही ठिकाणी ‘काही नाही’ ऐकून समाधानाने घरी येतो.

याच सुमारास कोणीतरी पायाळू माणसाला बोलावतो. पायाकडून जन्मलेल्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत साऱ्या महाराष्ट्रात आहे. साधी उसण चार दिवसांत आपोआप जातेच, म्हणून पायाळूला यश येते. पण आतून पोकळ झालेल्या मणक्यावर पाय पडला, कोणी गुडघा देऊन पाठ मोडली किंवा झटका दिला, तर मणका खचून मज्जारज्जूवर बसू शकतो. सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळी उचलून न्यावा लागतो. समजुतींशी माझे भांडण नाही. पण पाठीच्या बाबतीत मी हात जोडून विनंती करतो की हा प्रयोग करू नये.

पायांत बळ कमी होत असल्याची चिन्हे फार साधी आहेत. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ती निसटली हे चार पावले गेल्यावर कळते. वजू करताना पायावर पडलेले पाणी गार की कोमट हे उमगत नाही. नमाजात सजद्यातून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, आणि नेहमी पहिल्या सफेत उभे राहणारे चाचा अचानक खुर्ची मागू लागतात. पाय लाकडासारखे ताठ होतात, जिना उतरताना थरथरतात. यानंतरची पायरी लघवी अडण्याची किंवा नकळत होण्याची. तिथवर गोष्ट गेली तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी निघावे.

पायांचे बळ जाण्याला क्षय हे एकच कारण नव्हे. गाठ असू शकते, सरकलेली गादी असू शकते, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिलेन-बारे या विकाराने अनेकांचे पाय गेले. ते दुखणे काही दिवसांतच पायांकडून वर चढते. कोणते कारण आहे हे घरी बसून ठरत नाही. साध्या एक्स-रेत मणक्याचा क्षय उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये लवकर. शक्यतो सुईने नमुना काढून जंतू तपासतात, म्हणजे कोणते औषध लागू पडेल तेही कळते.

हा रोग जुना आहे. इजिप्तच्या ममींच्या कण्यांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली पाठीचे कुबड आणि लुळे पाय यांची सांगड घालून दाखवली, म्हणून डॉक्टर मंडळी याला आजही पॉटचा रोग म्हणतात. जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवला. औषध येईपर्यंत हवा, दूध आणि अंथरूण एवढाच उपचार होता. आपल्या डोक्यावरच्या पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, तिकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनरी डॉक्टरांनी काढले. दूरदूरचे रोगी तिथे महिनोन्महिने पडून राहत. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि चित्र पालटले. तरीही मणक्याच्या क्षयाला शस्त्रक्रिया हवीच, असे बरेच सर्जन मानत. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. तुली यांनी मधला मार्ग सुचवला: आधी औषधे आणि विश्रांती, ज्याला उतार पडत नाही त्याचीच शस्त्रक्रिया. १९७५ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाय लुळे पडलेल्यांतलेही कित्येक जण चाकू न लावता चालू लागले होते. आपल्यासारख्या गरीब देशाच्या डॉक्टरने जगाला दिलेला हा धडा आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. मणक्याच्या क्षयाला औषध बहुधा वर्षभर घ्यावे लागते, आणि खरी अडचण इथेच आहे. दोन महिन्यांत दुखणे थांबते, माणूस गोळ्या सोडून कामावर जातो आणि पुढच्या वर्षी अधिक हट्टी जंतू घेऊन परत येतो. यातल्या एका गोळीने लघवी नारिंगी होते. रक्त आले म्हणून कोणी घाबरू नये. रमजानात गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, हे मौलाना मंडळींनी मशिदीत सांगितले तर डॉक्टरांच्या दहा भाषणांपेक्षा अधिक काम होईल.

एक गोष्ट मनाला फार लागते. मुलीच्या पाठीला दुखणे असले तर आईबाप लपवतात, कारण पुढे लग्न जमायचे आहे. सुनेला झाले तर तिला औषधाविना माहेरी धाडतात. लपवल्याने कुबड येते, आणि कुबड लपत नाही. वेळेवर औषध झालेली मुलगी सरळ पाठीने उभी राहते, संसार करते, लेकरे वाढवते.

शिक्षकांनो, तुमच्या वर्गातच एक उत्तम तपासणी आहे. जमिनीवर नाणे टाका आणि ते उचलायला सांगा. निरोगी मूल कमरेत वाकते. मणका दुखत असलेले मूल पाठ ताठ ठेवून, गुडघे वाकवून, एक हात मांडीवर टेकवून खाली बसते. असे मूल दिसले तर ‘नीट वाक’ म्हणून रागावू नका, पालकांना बोलवा. दप्तराचेही पाहा. २०२० च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. ३० किलोच्या पोराला तीन किलो, त्यात डबा आणि पाण्याची बाटली आली.

शेवटी रोग्याला न्यायचे कसे तेवढे सांगतो. पाय लटपटू लागलेल्या माणसाला जीपच्या मागच्या बाकावर बसवून घाटातून हादरे देत नेऊ नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला फळीवर किंवा दाराच्या सपाट पाटावर उताणे झोपवा. उचलताना तीन-चार जणांनी डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून एकदम उचला. आधी मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. जुने फोटो, जुन्या चिठ्ठ्या, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे हे सगळे एका पिशवीत घालून सोबत न्या.