पडद्याकडे पाठ

(समाजकार्य आणि समाजशास्त्र या विषयांच्या संशोधक विद्यार्थिनींसाठी जळगाव येथे झालेल्या कार्यशाळेतलं भाषण)



चर्चासत्रात निबंध कसा मांडावा, त्यासाठी स्लाईड कशा कराव्यात, यावर बोलायला मला बोलावलंय. मी यातली तज्ज्ञ नाही. मी धुळ्याला बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. पण या बाबतीत ज्या चुका करता येतात त्या बहुतेक सगळ्या मी करून बसले आहे, आणि तेवढ्याच भांडवलावर आज उभी आहे.

पहिली चूक सांगते. एमएसडब्ल्यू होऊन दोनच वर्षं झाली होती. एका चर्चासत्रात माझा निबंध स्वीकारला गेला. विषय होता, नवऱ्याच्या मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या बाईला पहिले काही दिवस आसरा कोण देतं. वेळ बारा मिनिटं, स्लाईड बेचाळीस! पहिल्या स्लाईडवर उद्दिष्टं, मग विषयाचं महत्त्व, मग गृहीतकं, मग व्याख्या, मग आधीच्या संशोधनाचा आढावा. धुळे जिल्ह्यात तालुके चार, पण माझ्या नकाशाच्या स्लाईड पाच होत्या. सतराव्या स्लाईडला चिठ्ठी आली, एकविसाव्याला घंटा वाजली. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “बाई, तुम्हाला सापडलं काय?” मी म्हणाले, “सर, ते अडतिसाव्या स्लाईडवर आहे.”

सभागृह हसलं. मीही हसले. पण येताना एसटीत मला एकेक चेहरा आठवत होता. मला वाटलं होतं बाई माहेरी जात असेल, आणि माझ्या नोंदींत पुन्हा पुन्हा येत होती ती थोरली बहीण. स्वतःच सासरच्या धाकात असलेली, स्वतःच्या संसारात कोपरा नसलेली बहीण. ती बहीण त्या सभागृहात पोचलीच नाही. तिच्याबद्दल बोलायची संधी मला मिळाली होती आणि मी ती व्याख्या वाचण्यात घालवली.

असं का झालं, याचा मी पुष्कळ विचार केला. स्लाईड मी ऐकणाऱ्यांसाठी केल्याच नव्हत्या, स्वतःला लपायला केल्या होत्या. आपल्यातल्या बहुतेकजणी घरातल्या पहिल्या शिकलेल्या. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, कॉलेजात प्रमाण मराठी, आणि स्लाईडवर पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली इंग्रजी. पहिल्या रांगेत सगळे सर बसलेले. अशा वेळी पदर सारखा करत पडद्याकडे तोंड करून वाचत सुटणं फार सोयीचं असतं. आपण चुकलो तर पडदा चुकला! पण लोकांना वाचता येतं. आपण वाचायला लागलो की ते आपल्या आधी वाचून मोकळे होतात आणि मग घड्याळाकडे बघतात. इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिच्या नावाच्या विद्यापीठात आपण पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतो, हे मला कधीकधी फार गमतीचं वाटतं.

पडद्यावर चित्र आणि शेजारी बोलणारं माणूस ही काही संगणकाबरोबर आलेली गोष्ट नाही. कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची आणि गोष्ट तोंडाने सांगायची. गोष्ट सगळी सांगणाऱ्याच्या तोंडात. तो गप्प बसला तर खेळ संपला. आता आपल्या स्लाईडकडे बघा. आपण गप्प बसलो तरी काही बिघडत नाही, कारण सगळं तिथे लिहिलेलंच आहे. मग आपल्याला बोलावलंय कशाला?

कुणी म्हणेल, कशी का असेना स्लाईड, मजकूर खरा असला म्हणजे झालं. त्यासाठी एक उदाहरण देते. कल्पना चावला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनियरांनी धोक्याचा अभ्यास केला आणि तो वरिष्ठांपुढे स्लाईडवर मांडला. त्यातल्या एका स्लाईडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी उपमुद्दे, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात आकडे होते. चाचणीसाठी वापरलेला तुकडा तीन घनइंचांचा आणि प्रत्यक्षात आदळलेला १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. या चाचणीवरून काही सांगता येणार नाही, हे वाक्य शीर्षकात हवं होतं. १ फेब्रुवारी २००३ ला यान परतताना फुटलं, कल्पनासह सातही जण गेले. अपघाताच्या चौकशी मंडळाने त्या स्लाईडवर बोट ठेवलं. एडवर्ड टफ्टी नावाच्या अभ्यासकाने तिची ओळ न् ओळ तपासली. अपघात स्लाईडमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण त्या स्लाईडवर खोटं काहीच नव्हतं, आणि तरी वाचणाऱ्याला खरं कळलं नाही.

आपल्याकडे पंख जळत नाहीत. पण आपला विषय काही कमी जिवाचा नाही. जळगाव जिल्ह्याचंच घ्या. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ८८०, २०११ साली ८४२. बीड सोडलं तर राज्यात इतका खाली आकडा दुसऱ्या जिल्ह्याचा नव्हता. (२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून आपण अजून २०११ वरच आहोत. हे स्लाईडवर लिहा, नाहीतर कुणीतरी विचारणारच.) हा आकडा मी विद्यार्थिनींच्या स्लाईडवर अनेकदा पाहिला आहे. कसा? पस्तीस जिल्ह्यांचा तक्ता, चार रकाने, मुंगीएवढी अक्षरं, आणि बोलणारी म्हणते, “इथे आपल्याला दिसतंय की…” मागच्या रांगेला काही म्हणजे काही दिसत नसतं. तो तक्ता निबंधात जोडा. पडद्यावर एकच वाक्य टाका, ‘जळगावात दहा वर्षांत हजारामागे आणखी ३८ मुली कमी झाल्या’, आणि खाली दोनच आकडे. मग पडद्याकडे पाठ करा आणि सांगा. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ साली केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा १९९४ चा. मग ज्या वर्षांत कायदा होता त्याच वर्षांत हे कसं झालं? हा प्रश्न तुमच्या तोंडून यायला हवा. तो पडद्यावरून अंगावर येत नाही.

आकडेवारीबद्दल आणखी दोन गोष्टी. त्याच जनगणनेत राज्याचा हा आकडा आधी ८८३ असा तात्पुरता जाहीर झाला आणि अंतिम ८९४ निघाला. जुन्या निबंधातून उतरवून घेतलेले तात्पुरते आकडे अजून फिरतात. दुसरं म्हणजे आलेख. खांबाची सुरुवात शून्याऐवजी ८०० पासून केली तर ८८० चा खांब ८४२ च्या जवळजवळ दुप्पट दिसतो. आपल्या बाजूचं आहे म्हणून आपल्याला ते आवडतं. पण समोर एखादा जाणता बसला असेल तर तो तेवढ्या एका गोष्टीवर आपलं सगळं म्हणणं उडवून लावतो, आणि त्यात चूक आपलीच असते.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त टोचते ती. दुसऱ्या एका निबंधात मी एका बाईचा पाठमोरा फोटो लावला. साक्री तालुक्यातली बाई. चेहरा नाही, नाव बदललेलं. ती ओट्यावर बसलेली, मागे दार, बाजूला वाळत घातलेली गोधडी. सभागृहात त्याच गावची एक मुलगी होती. आठवड्याने ती बाई केंद्रात आली. बसली नाही. म्हणाली, “ताई, हाऊ ओटा मन्हा शे ना?” दिराने तिला विचारलं होतं, की घरातलं गाऱ्हाणं तू कुठे कुठे सांगत फिरतेस.

मी परवानगी घेतली होती का? घेतली होती. ‘फोटो काढू का’ एवढी. तो पडद्यावर भिंतीएवढा दिसेल, शंभर लोक बघतील, मोबाईलवर त्याचा फोटो काढून पुढे पाठवतील, हे मी तिला सांगितलं नव्हतं. आणि हे आपण ज्या गावात बोलतोय त्या गावाला तरी वेगळं सांगायला नको. १९९४ साली इथलं वासनाकांड उजेडात आलं तेव्हा फोटोचा धाक हेच त्यातलं मोठं हत्यार होतं असे आरोप झाले, आणि कितीतरी मुली नाव उघड होईल या भीतीने पुढे आल्या नाहीत. बलात्कार झालेल्या बाईची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पूर्वी तो दंडविधानाच्या २२८-अ खाली होता. पण मारहाण झालेल्या, टाकलेल्या बाईसाठी असं कलम नाही. तिथे आपली अक्कल हेच कलम. तेव्हापासून माझ्या स्लाईडवर कुणाही बाईचा फोटो नसतो. तिचं एखादं वाक्य असतं, तिने म्हटलं तसंच, अहिराणीत. तेही तिला वाचून दाखवून, आणि गावाचं नाव काढून. प्रमाण मराठीत ‘सुधारलेलं’ वाक्य मला तिचं वाटत नाही. एका सरांनी मला विचारलं होतं, हे शास्त्रीय आहे का. मी म्हटलं, तिने जे म्हटलं ते न बदलणं याहून शास्त्रीय काय असतं?

बाकी किरकोळ. किरकोळ म्हणते, पण घात तिथेच होतो. जुन्या मराठी फाँटमध्ये केलेली स्लाईड दुसऱ्या संगणकावर नेली की सगळी अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच टाईप करा आणि एक पीडीएफ प्रत सोबत ठेवा. अक्षर एवढं मोठं, की संगणकापासून सहा पावलं मागे जाऊन वाचता यावं. लाल-हिरवा भेद काहींना दिसत नाही. बारा मिनिटांना सहा-सात स्लाईड पुष्कळ झाल्या. जे सापडलं ते दुसऱ्याच स्लाईडवर सांगून टाका, मग घंटा वाजली तरी धसका नाही. होस्टेलवर रसायनशास्त्राच्या मैत्रिणीला समोर बसवून घड्याळ लावून एकदा बोला. तिला कळलं नाही तर परीक्षकांना कळेल या भ्रमात राहू नका. नमुना किती बायकांचा होता, हे कुणीतरी विचारणारच. तीस असतील तर तीस म्हणा, आणि तीसवरून काय सांगता येत नाही तेही आपणच आधी सांगा. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, बघून कळवते’ म्हणायला लाजू नका. सर मंडळी हे वाक्य क्वचित म्हणतात, त्यामुळे ते उठून दिसतं.

आणि वीज. माझा सगळ्यात बरा झालेला निबंध शिंदखेड्याकडच्या एका कॉलेजात झाला. तिसऱ्या स्लाईडला वीज गेली, जनरेटर काही चालू झाला नाही. खिडक्या उघडल्या. मी त्या थोरल्या बहिणीबद्दल सांगत गेले, आणि पहिल्यांदाच मला समोरच्या मुलींचे चेहरे दिसले.

आता चहा आहे. चहानंतर प्रत्येकीने तीन मिनिटं बोलायचंय, मला काय सापडलं एवढंच. प्रोजेक्टर बंद राहील. कागद हातात चालेल, पण वाचायचा नाही. पहिली कोण? मागच्या रांगेतल्या शिरपूरच्या ताई, तुम्ही हात अर्धाच वर केलात, पण मी पाहिला.