सरकारी कंत्राट आणि त्रयस्थ पंच

नदीवर पूल बांधावयाचा ठरतो; ठेकेदार करारावर सही करतो आणि मजूर कामाला लागतात. पाया खणतांना अपेक्षेहून कठीण खडक लागला, कीं जादा खर्च कोणीं सोसावयाचा, हा वाद निघतो. सरकार ठरलेल्या दराकडे बोट दाखवितें. ठेकेदार म्हणतो, हें काम करारांत नव्हतेंच. इकडे मजुरी थकते आणि पूल अर्धाच राहतो.

हा निवाडा कोणीं करावा? महाराष्ट्र शासनाच्या बी-१ करारांतील तिसाव्या कलमानें अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम ठरविला होता. पण हा अधिकारी एका पक्षाचाच चाकर! २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, हें कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे.

अशा तंट्यांसाठीं मध्य प्रदेशानें १९८३ सालीं आणि गुजरातनें १९९२ सालीं कायद्यानें स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय केली. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें निर्णय दिला कीं, सरकारी करारांत एकाच पक्षानें आपल्या मर्जीनें एकमेव पंच नेमणें हें घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदांतील समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

सरकारचा पैसा रयतेचा. म्हणून हिशेब काटेकोरच हवा. परंतु हिशेब मागणारानेंच न्यायासनावर बसूं नये. पंच त्रयस्थ असला, तरच हरलेला पक्षही निकालापुढें मान तुकवितो आणि अडलेलें काम पुढें सरकतें.