जिताडा, जाळे आणि होडी
(पेण व रोहा तालुक्यांतील मासेमारीविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)



पेणच्या खारेपाटात जावई घरी आला की तलावात पाग पडतो, आणि कचेरीत काम अडले की ‘साहेबांकडे जिताडा पाठवा’ अशी थट्टा सर्रास ऐकू येते. थट्टेचा भाग सोडला तरी तिच्यातून या माशाचे स्थान कळून येते. रायगड जिल्ह्यात मानाचा मासा कोणता, असे विचारल्यास जिताड्याचेच नाव प्रथम घेतले जाईल. परंतु ज्या जाळ्याने व ज्या होडीतून हा मासा धरला जातो, त्यांची निवड मात्र अनेकदा बाजारात त्या दिवशी जे स्वस्त मिळाले त्यावर ठरते. या निवडीवर दोन गोष्टी अवलंबून आहेत: पुढील वर्षी खाडीत जिताडा उरेल की नाही, आणि मासेमारीला गेलेला माणूस सुखरूप घरी येईल की नाही.

अमेरिकेत तळ्यातील ‘बास’ मासा गळाने धरण्याचा छंद मोठा आहे. त्यासाठी खास काठ्या, खास होड्या यांचा मोठा व्यापारही उभा राहिला आहे. ‘आशियाई सी-बास’ या इंग्रजी नावामुळे आपला जिताडा त्याचा सख्खा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी आहेत. जिताड्याचे शास्त्रीय नाव ‘लेट्स कॅल्कॅरिफर’ असे आहे. बंगालमध्ये त्याला भेटकी, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. दबा धरून भक्ष्यावर झडप घालण्याची सवय मात्र दोघांचीही आहे, आणि म्हणूनच दोघांना धरण्याच्या साधनांत बरेच साम्य आढळते.

माशाचा जीवनक्रम

साधन निवडण्यापूर्वी मासा ओळखला पाहिजे. जिताडा गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो. परंतु त्याची अंडी गोड्या पाण्यात रुजत नाहीत. वीण खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात होते. तेथून बारीक पिल्ले भरतीबरोबर वर सरकतात आणि खारफुटीच्या मुळांत, नाल्यांत व खाचरांत वाढतात. अंबा नदी नागोठण्याहून धरमतर खाडीकडे जाते, कुंडलिका रोह्याहून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. या दोन्ही वाटा जिताड्याच्या जाण्यायेण्याच्या वाटा होत. हेटवण्यासारख्या धरणाच्या वर मात्र तो आपण होऊन पोहोचू शकत नाही. आणि तेथे कोणी त्याचे बीज सोडले तरी ते वाढेल, पण त्याची पैदास तेथे होणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बहुतेक जिताडे प्रथम नर म्हणून वयात येतात आणि पुढे काही वर्षांनी, अंगाने मोठे झाल्यावर, मादी बनतात. लाखो अंडी देणारी माता ही खाडीतील सर्वांत मोठ्या आणि वयस्क माशांपैकी असते. म्हणजे बारीक आसाच्या जाळ्याने पिल्ले उपसली तर उद्याचे नर जातात आणि त्यांच्याबरोबर परवाच्या माताही जातात. उलट, केवळ मोठाले मासे वेचून काढले तर आजच्याच माता संपतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने यासाठी दुहेरी मर्यादा घातली आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामुंडी पाण्यात परत सोडावा लागतो. आपल्या खाड्यांसाठीची नेमकी मापे मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याने ठरावीत. परंतु लहान आणि फार मोठा, दोघांनाही अभय देण्यामागचे तत्त्व येथेही तेच आहे.

गळ आणि जाळे

या दृष्टीने पाहता गळ हे सर्वांत निवडक साधन ठरते, कारण मासा जिवंत हाती येतो व नको असल्यास सोडता येतो. काठी सहा ते सात फुटांची, आखूड व ताठ असावी. कारण गळ लागताच जिताडा उसळी मारून खुंटाच्या किंवा खारफुटीच्या मुळांच्या आड शिरतो आणि त्याला लगेच वळवावे लागते. दहा-पंधरा किलो वजन पेलणारी दोरी पुरेशी होते. जिताड्याचे दात बारीक असतात, पण कल्ल्यावरचे हाड पात्यासारखे धारदार असते. म्हणून गळाजवळचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा घ्यावा, आणि मासा उचलताना कल्ल्याच्या झाकणाखाली बोट घालू नये. आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा लहान बोईट उत्तम. गोल वळणाचा गळ बहुधा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, पोटात जात नाही. त्यामुळे सोडलेला मासा जगतो. अशा गळाला झटका न देता दोरी हळूहळू ताणावी, हे नवशिक्यांना मुद्दाम सांगावे लागते.

पाग हे तलावाचे साधन होय. लहान, तळ स्वच्छ असलेल्या तलावात एकटा माणूस पाग टाकून घरापुरता मासा काढू शकतो. मोठ्या तलावात मात्र पाणी उतरल्यावर ओढजाळे फिरविणे सोयीचे असते.

खाडीत कल्ल्यांत अडकविणारे जाळे लावताना आस मोजूनच घ्यावा. जाळ्याचे एक घर ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजले की तो आस होय. मोठ्या जिताड्यासाठी १५ सेंटिमीटरच्या आसपासचा आस योग्य होय. त्यातून पिल्ले व लहान मासे निघून जातात. बोक्शीसारख्या बारीक आसाच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जिताड्याचे बीजही सापडते. जवळा-कोळंबीवर पोट असणाऱ्यांना ते जाळे टाकून द्या असे सांगणे न्यायाचे नव्हे; परंतु त्यात आलेली जिताड्याची जिवंत पिल्ले वेचून पाण्यात सोडणे किंवा तलावासाठी जपणे त्यांच्याही हिताचे आहे. तंगुसाचे जाळे तुटून खाडीत राहिले तर ते कुजत नाही, मासे मारीतच राहते. फाटके जाळे पाण्यात न टाकता किनाऱ्यावर आणावे. विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हाच आहे.

पाण्याजोगी होडी

होडीची निवड पाण्यावरून करावी. तलावात व उथळ नाल्यात सपाट तळाची, बारा ते चौदा फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद होडी चांगली. ती हातभर पाण्यातही तरंगते आणि उभे राहून पाग टाकताना सहसा कलत नाही. तेथे इंजिनाची गरज नाही. वल्हे आणि एक लांब बांबू पुरतो. तीच होडी धरमतरच्या रुंद खाडीत नेली तर मात्र धोका संभवतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, शिवाय त्या खाडीत मालवाहू बार्जांची ये-जा असते. बार्ज निघून गेल्यावर येणारी लाट सपाट तळाखाली शिरून होडी उलटवू शकते. खुल्या खाडीसाठी तळाला कणा असलेली, उंच काठाची होडीच हवी.

लाकडी होडी गावात दुरुस्त होते; फायबरची हलकी असते आणि कुजत नाही. कोणतीही घेतली तरी दोन परीक्षा कराव्यात. पहिली अशी, की माणसे, जाळे व सामान चढविल्यावर काठ पाण्यापासून किमान दीड वीत वर राहिला पाहिजे. दुसरी अशी, की कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम पाण्याने भरून पाहावी. हवाबंद कप्पे नीट असतील तर ती भरूनही तरंगते व बुडालेल्याला धरायला आधार देते. मोटारीच्या ट्यूबांवर फळ्या बांधून केलेला तराफा एका काट्याने किंवा कालवाच्या शिंपेने फुटतो. त्यावर भरवसा ठेवू नये. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्यासाठी नसून अंगात घालण्यासाठी असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाडीतला चिखल आणि ओहोटीची ओढ जुमानीत नाहीत.

उघाडी आणि भिऱ्याचे पाणी

जिताडा सापडण्याची हमखास जागा म्हणजे खारबांधाची उघाडी. भरतीला तिची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतील पाणी बाहेर धावते. त्या पाण्याबरोबर येणारे लहान मासे टिपण्यासाठी जिताडा बाहेरच्या सावलीत उभा असतो. नेमक्या याच जागी आतल्या बाजूने होडी नेणे जिवावर बेतू शकते, कारण ओढ होडीला दाराकडे खेचून नेते. उघाडीवर गळ टाकायचा तो बांधावरून किंवा बाहेरच्या बाजूस दूर थांबून. होडी नांगरायची झाल्यास नांगर नेहमी पुढच्या टोकाकडून टाकावा. मागून नांगरलेली होडी ओढीत तोंडघशी पडल्याप्रमाणे पाण्याने भरते. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या दिवसांत ओढ कमी व पाणी निवळ असते. लहान होडीसाठी तेच दिवस बरे.

रोहा तालुक्यात आणखी एक सावधगिरी हवी. १९२७ पासून चालू असलेल्या भिरा येथील वीजगृहातून सोडलेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडजवळ पर्यटक रबरी तराफ्यांतून जो प्रवास करतात, तो याच पाण्याच्या जोरावर. नदीच्या वरच्या भागात कोरडा दिसणारा खडक थोड्याच वेळात पाण्याखाली जातो. पाणी सुटण्याची वेळ विचारल्यावाचून तेथे जाळे लावणे किंवा लहान होडी पात्रात नांगरणे योग्य नव्हे.

गावाने काय करावे

वाशी, वढाव, शिर्की अशा खारेपाटातील गावांतून घरच्या तलावात जिताडा वाढविण्याची रीत आहे. पूर्वी त्यासाठी खाडीतून बीज धरण्यावाचून मार्ग नव्हता. थायलंडने १९७० च्या दशकात या माशाची बंदिस्त पैदास साधली आणि भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये ते यश मिळविले. त्यामुळे आता उबवणी केंद्राचे बीज वापरता येते. जिताडा स्वजातभक्षक असल्याने तलावात एकाच मापाची पिल्ले सोडावीत आणि वाढीच्या काळात मोठी वेगळी करावीत. तलावाला खाडीतील बीज लागले नाही, तर खाडीवरचा भार तेवढा हलका होईल.

पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत यावर विचार झाल्यास बरे. गावात किती होड्या आहेत आणि त्यांतील किती जाकिटांसह पाण्यात उतरतात, याची नोंद पंचायतीला सहज करता येईल. उघाडीवर ओहोटीच्या धोक्याचा फलक एका दिवसात लागतो. दोन खुणा केलेली एक लाकडी पट्टी मच्छीमार संस्थेत आणि एक शाळेत ठेवता येईल. खालच्या खुणेपेक्षा लहान आणि वरच्या खुणेपेक्षा मोठा जिताडा पाण्यात परत जावा. आगरी, कोळी आणि कातकरी मुले ही पट्टी हाती घेतील तेव्हा मोठा जिताडा ही माता असते, हे त्यांना पुस्तकाविना कळेल. तलावातील मासा एका घराचा असतो, पण उघाडीबाहेरचा मासा सर्व गावांचा असतो. म्हणून त्याच्यासाठी कोणते जाळे वापरायचे, हेही सर्व गावांनी मिळून ठरविणे इष्ट होय.