साहेबांना सोने देताना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते, तेव्हा थोडा वेळ कुणाचे कामात लक्ष लागत नाही. कुणी खिशातून आपट्याची पाने काढतो, कुणी पेढ्यांचा पुडा सोडतो, आणि शिपायापासून मुख्य लेखनिकापर्यंत सारे एकमेकांना "सोने घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणतात. मग हळूहळू सर्वांची नजर एका बंद दाराकडे वळते. आत साहेब बसलेले असतात. जावे की न जावे? गेलो तर सहकारी लाळघोट्या म्हणतील. न गेलो तर साहेब म्हणतील, मनुष्य मोठा ताठर आहे. शेजाऱ्याशी सहज बोललेले दोन शब्द त्या दाराशी येताच जड होतात.

हा संकोच अगदीच अकारण नाही. ज्याच्या हाती आपली रजा, बदली आणि बढती असते, त्याला दिलेली शुभेच्छा निर्हेतुक आहे हे पटवावे कसे? इंग्रजी अमदानीत नाताळ आला की साहेबांच्या बंगल्यावर डाल्या जात. फळाफुलांनी आणि मेव्यामिठाईने भरलेली ती करंडी वरून सदिच्छेची दिसे. तळाशी पुष्कळदा एखादी अर्जी दडलेली असे. वास्तविक कंपनीच्या अंमलदारांनी नजराणे घेऊ नयेत, असा निर्बंध १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्यानेच घातला होता. परंतु कायद्याला दार बंद करता येते. मनुष्यस्वभाव खिडकीतून येतो. स्वतंत्र भारतात केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांतील तेराव्या नियमानेही भेटवस्तूंना मर्यादा घातली. गोड शब्दाला मात्र त्या नियमाने कोठेही बंदी केलेली नाही.

ह्या पेचातून वाट दाखवणारी कथा दसऱ्याच्या सोन्यातच आहे. वरतंतू ऋषींना शिष्य कौत्साची सेवा हीच दक्षिणा पुरेशी वाटत होती. कौत्सानेच पुनःपुन्हा आग्रह धरला, तेव्हा रागावून त्यांनी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला, तर तो यज्ञात सर्वस्व देऊन मातीच्या पात्रापर्यंत आलेला. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. रघू सारे सोने देऊ पाहत होता आणि कौत्स गुरूच्या देण्यापलीकडे एकही मुद्रा घेत नव्हता. उरलेले सोने आपट्याखाली लोकांनी लुटले, असे आपली लोककथा सांगते. चांगल्या वरिष्ठाला कामापलीकडे काही नको असते, आणि भलताच आग्रह त्याला संतापवतो, हे कौत्साला उशिरा कळले. आपण त्या सोन्याचे पान केले, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण. ज्याला किंमत नाही, त्याने कुणी विकत घेतला जात नाही.

हे मला आज सुचते. तेव्हा सुचले नव्हते. मी दिल्लीतील एका कचेरीत नोकरीस होतो. आई दरवर्षी दसऱ्यापूर्वी टपालाने पाकिटातून आपट्याची पाने धाडी. पोहोचेपर्यंत ती सुकून जात. त्या वर्षी माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. पान हातात घेऊन मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा परतलो. अर्ज आत आणि पान बाहेर, असेच बरे, अशी मी मनाची समजूत घातली. त्या समजुतीत थोडा स्वाभिमान होता, पण भीतीच अधिक होती. अर्ज पुढे त्याच्या गुणावर मंजूर झाला.

निघण्यापूर्वी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा पाकिटात राहिलेले ते पान मी भीतभीत त्यांच्यापुढे ठेवले. साहेब तेलंगणातले. त्यांनी ते उचलले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे जम्मीची पाने देतात. आम्हीही त्याला सोनेच म्हणतो. लहानांनी ती थोरांच्या हाती द्यायची." जरा थांबून ते म्हणाले, "दिल्लीत मला मिठाईचे डबे पुष्कळ आले. ते मी परत धाडले. पान मात्र कुणी आणले नाही." दाराच्या आतला मनुष्यही घरापासून दूर होता, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

तेव्हापासून मी काही पथ्ये पाळतो. हाती कागद असताना शुभेच्छा द्यायच्या नाहीत, आणि शुभेच्छा देताना कागदाची आठवण काढायची नाही. शक्य तर चौघांनी मिळून जावे. दोन वाक्ये बोलावी आणि निघावे. साहेबांचा सण आपल्याहून वेगळा असेल, तर त्यांच्या सणाची आठवण ठेवावी. ईदेला किंवा नाताळला आपण होऊन गेलेला मनुष्य दसऱ्याला अधिक मोकळेपणाने जाऊ शकतो. आणि जे पान साहेबांना द्यायचे, तेच आधी दाराशी बसलेल्या शिपायाला दिलेले असावे. सदिच्छा खरी की खोटी, ते त्या पहिल्या पानावरून कळते.

मात्र सारा भार कनिष्ठावर का असावा? ज्याच्या दाराचा धाक वाटतो, त्यानेच सणाच्या दुसऱ्या दिवशी ते दार उघडून बाहेर यावे. सीमोल्लंघन सर्वांनाच सांगितले आहे. परंतु ज्याची सीमा अधिक उंच, त्याने ती आधी ओलांडावी.