नाव आपले, पण कोणाच्या नावावर?



आपला गोडा मसाला आणि लिंबाचे लोणचे विकण्यासाठी मंडळाचे संकेतस्थळ काढावयाचे कार्यकारिणीने ठरविले आहे. त्याच्या नावाबद्दल चार शब्द बोल, असे चिटणीसबाईंनी मला फर्माविले. मी एका वकिलांच्या कचेरीत ट्रेडमार्कचे अर्ज भरते, एवढाच माझा अधिकार.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, आपण विकत घेतले असे म्हणतो. वास्तविक ते भाड्याचे असते. वर्षाचे, फार तर दहा वर्षांचे पैसे भरावयाचे. भरणा राहिला की सवलतीचे दिवस सरताच ते दुसऱ्या कोणासही मिळते. देणारा नावामागचा इतिहास विचारीत नाही. आधी मागेल त्याला. शिवाय एक अक्षर बदलले की त्याच्या लेखी ते निराळेच नाव!

आमच्या कचेरीत आलेल्या एका गटाची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. चार वर्षे त्या बायकांनी घाम गाळून गिऱ्हाईक जमविले होते. संकेतस्थळ शेजारच्या मुलाने करून दिले, तेही हौसेने, आणि डोमेन घेतले स्वतःच्या नावावर. तो नोकरीसाठी परदेशी गेला. मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली, ती कोणी पाहिली नाही. नाव एका तिऱ्हाइताने उचलले आणि परत देण्यास भली मोठी रक्कम मागितली. ट्रेडमार्क नोंदविलेला नव्हता. भांडण्यापुरता पैसाही नव्हता. शेवटी त्यांनी नवे नाव घेतले आणि छापलेली सारी लेबले रद्दीत घातली.

नोंदणी नसली तर कायदा अगदीच पाठ फिरवितो असे नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे डोमेन वापरण्यास मनाई केली. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी ते व्यापारचिन्हासारखेच काम करते व त्याला संरक्षण मिळू शकते. तेथे प्रतिपक्षाने एक 'एफ' वाढवून नाव घेतले होते. पण अशा दाव्यात आपला लौकिक, लोकांची फसगत आणि आपले नुकसान, सारे पुराव्याने दाखवावे लागते. कंपन्यांना ते झेपते. आपल्याला झेपेल का? नोंदणीचा दाखला हाती असला की हे ओझे पुष्कळ हलके होते. '.इन' डोमेनचा तंटा तर लवादापुढे नेता येतो. तेथेही पहिला प्रश्न हाच, की या नावावर तुमचा हक्क कोणता? समोरच्याचा त्यावर न्याय्य संबंध नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, हे मात्र तेथेही दाखवावेच लागते.

आता नाव कोणते? सभेत 'घरगुती मसाले' सुचविले गेले. सुचविणाऱ्या बाईंनी रागावू नये, पण ते नोंदविणे फार कठीण. मालाचे नुसते वर्णन करणारा शब्द कायदा एकाच्या मालकीचा होऊ देत नाही. पुढे 'डॉट कॉम' लावल्यानेही भागत नाही. आपला स्वतःचा, थोडा वेगळा शब्द शोधावा आणि तो आधी कोणी घेतला आहे का, हे सरकारी नोंदवहीत पाहावे. ती संगणकावर फुकट पाहता येते.

वर्ग पंचेचाळीस आहेत. मौज अशी की मसाला तिसाव्या वर्गात आणि लोणचे एकोणतिसाव्यात, म्हणजे फी दोनदा. ऑनलाइन अर्जाला दर वर्गास व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. सबब मंडळाची उद्यम नोंदणी आधी करावी. तपासणीनंतर नाव जर्नलमध्ये छापतात. चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर दाखला मिळतो. तो अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालतो आणि पुढे नूतनीकरण करता येते. दाखला मिळेपर्यंत लेबलावर वर्तुळातला 'आर' छापू नये. तो गुन्हा आहे. 'टीएम' चालते.

डोमेन आणि अर्ज, दोन्ही मंडळाच्या नावे असावीत. माझ्या नव्हे, अध्यक्षीणबाईंच्याही नव्हे. ई-मेल मंडळाचा, आणि परवलीचा शब्द चिटणीस व खजिनदार दोघींपाशी. पुढच्या सभेला येताना मंडळाच्या नोंदणीचा दाखला, पॅनकार्ड आणि जुन्यात जुने विक्रीचे बिल आणावे. नाव आधीपासून वापरात असेल, तर ती तारीख अर्जात लिहावी लागते, म्हणून ते बिल शोधून ठेवा.